अहिंसाव्रती संपादक : विल्यम लॉइड गॅरिसन

भगवान महावीरांच्या चरित्रात चंदनबालेची कथा येते. राजकुळात जन्मलेली ही कन्या दैवाच्या फेऱ्यात सापडून दासी म्हणून विकली गेली. कौशांबी नगरीत, बंधनात असतानाच, तिच्या हातचा रूक्ष आहार भगवंतांनी ग्रहण केला आणि पुढे तीच साध्वीसंघाची प्रमुख झाली. ही कथा पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेल्या समाजाला माणसाच्या खरेदी-विक्रीचे पाप वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार श्रावकाला वर्ज्य सांगितले आहेत : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीपलीकडे ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे हे पाचही प्रकार एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिण भागातील कापसाच्या मळ्यांवर चालत होते आणि कायदा मालकाच्या बाजूने उभा होता. या अन्यायाविरुद्ध पस्तीस वर्षे केवळ लेखणीने झुंजलेल्या, शस्त्र न धरण्याचे व्रत घेतलेल्या आणि तरीही देश रणात लोटला गेलेला पाहावा लागलेल्या एका संपादकाचे हे चरित्र आहे.

बालपण व उमेदवारी

विल्यम लॉइड गॅरिसन यांचा जन्म १० डिसेंबर १८०५ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यूबरीपोर्ट या बंदराच्या गावी झाला. वडील खलाशी होते. व्यसनाच्या आहारी जाऊन त्यांनी १८०८ मध्ये घर सोडले. आई अत्यंत धर्मनिष्ठ व करारी होती. लहानग्या विल्यमने घरी केलेली मिठाई विकून आणि लोकांच्या दारी लाकडे पोहोचवून संसाराला हातभार लावला. शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नाही. १८१८ मध्ये गावातील ‘न्यूबरीपोर्ट हेरल्ड’ या वृत्तपत्राच्या छापखान्यात सात वर्षांच्या कराराने ते उमेदवार म्हणून राहिले. खिळे जुळवता जुळवता भाषा, इतिहास आणि राजकारण यांचे धडे त्यांना मिळाले. पुढे संपादक झाल्यावरही लेख कागदावर न उतरवता थेट खिळ्यांत जुळवण्याची त्यांची सवय होती.

१८२८ मध्ये बेंजामिन लंडी या क्वेकर पंथीय सत्पुरुषाशी त्यांची भेट झाली. क्वेकर हा युद्ध निषिद्ध मानणारा ख्रिस्ती पंथ. लंडी गावोगाव फिरून गुलामीविरुद्ध लोकमत जागृत करीत. दुसऱ्या वर्षी गॅरिसन बाल्टिमोरला जाऊन लंडी यांच्या पत्राचे सहसंपादक झाले. तेथे स्वतःच्याच गावच्या एका धनिक व्यापाऱ्याने आपल्या जहाजातून गुलामांची वाहतूक केल्याचे त्यांनी नाव घेऊन छापले. अब्रुनुकसानीचा खटला झाला. दंड भरण्यास पैसे नसल्याने १८३० मध्ये ४९ दिवस त्यांनी तुरुंगात काढले. अखेर न्यूयॉर्कचे उदार व्यापारी आर्थर टॅपन यांनी दंड भरून त्यांची सुटका केली.

‘लिबरेटर’चा जन्म

१ जानेवारी १८३१ रोजी बॉस्टन येथे गॅरिसन यांनी ‘लिबरेटर’ म्हणजे मुक्तिदाता हे साप्ताहिक सुरू केले. हाती भांडवल नव्हते. पहिल्या वर्षांतील बहुसंख्य वर्गणीदार स्वतंत्र कृष्णवर्णीय नागरिक होते. त्यांच्या कष्टाच्या पैशांवर हे पत्र तगले.

पहिल्याच अंकात संपादकाने एक आलोचना केली. गुलामी हळूहळू, सोयीसोयीने नष्ट व्हावी असे मत त्यांनी पूर्वी जाहीरपणे मांडले होते. ते मत भ्याडपणाचे होते, असे कबूल करून त्यांनी परमेश्वराची, देशाची आणि गुलाम बांधवांची क्षमा मागितली. गुलामी पाप असेल तर त्या पापाचा त्याग उद्यावर ढकलता येत नाही, हीच त्यांची पुढील सारी शिकवण होती.

परंतु ज्यांच्यापुढे ही शिकवण ठेवायची होती त्यांचे सर्व वैभव त्या पापावर उभे होते. १७९३ मध्ये सरकी काढण्याचे नवे यंत्र निघाले आणि कापसाचे पीक अतिशय लाभदायक ठरले. १७९० च्या सुमारास सात लाखांच्या आसपास असलेली गुलामांची संख्या १८६० मध्ये ३९ लाखांवर गेली. आपल्या परंपरेत परिग्रहाच्या मोजदादीत धन-धान्याबरोबर दासी-दासांचाही उल्लेख येतो, म्हणजे हा दोष प्राचीन भारतातही होता. मात्र तेथे या परिग्रहाला मर्यादा घालण्याचे व्रत सांगितले गेले. अमेरिकेच्या दक्षिणेत मर्यादेचा शब्द काढणाराच शत्रू ठरू लागला.

शब्दाची कोंडी

ऑगस्ट १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामाच्या नेतृत्वाखाली रक्तरंजित उठाव झाला. गॅरिसन यांचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. तरीही दक्षिणेने ‘लिबरेटर’ला दोषी धरले. जॉर्जिया राज्याच्या विधिमंडळाने संपादकाला पकडून आणणाऱ्यास ५,००० डॉलरचे इनाम लावले.

१८३३ मध्ये फिलाडेल्फियात ‘अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटी’ स्थापन झाली. तिचा जाहीरनामा गॅरिसन यांनी लिहिला आणि त्यात शस्त्राचा मार्ग स्पष्टपणे नाकारला. या संस्थेची पत्रके टपालाने दक्षिणेत जाऊ लागताच १८३५ मध्ये चार्ल्स्टन येथे जमावाने टपालातील पत्रकांची होळी केली. १८३६ मध्ये अमेरिकन संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने गुलामीविषयक अर्ज विचारात न घेताच बाजूला ठेवण्याचा नियम केला. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी त्या नियमाविरुद्ध आठ वर्षे झुंज दिली, तेव्हा १८४४ मध्ये तो रद्द झाला.

उत्तरेतही वातावरण निराळे नव्हते. २१ ऑक्टोबर १८३५ रोजी बॉस्टनमध्ये गुलामीविरोधी महिलांच्या सभेवर जमाव चालून आला. गॅरिसन त्याच्या हाती सापडले. दोरीने बांधून त्यांना रस्त्यातून ओढण्यात आले. महापौरांनी त्यांना कसेबसे सोडवले आणि प्राण वाचावेत म्हणून ती रात्र तुरुंगात ठेवले. गॅरिसन यांनी प्रतिकार केला नाही. १८३७ मध्ये इलिनॉय राज्यात एलायजा लव्हजॉय हे संपादक आपला छापखाना वाचवताना मारले गेले. त्यांच्या बलिदानापुढे गॅरिसन नतमस्तक झाले, पण रक्षणासाठी त्यांनी बंदूक उचलली याची खंतही त्यांनी नोंदवली. पुढच्याच वर्षी त्यांनी अप्रतिकाराचे व्रत मानणारी संस्था स्थापन केली. तिच्या सभासदांना युद्ध, सैन्यसेवा, सूड आणि देहदंड हे सर्व निषिद्ध होते.

एकांतिक आग्रह

गॅरिसन यांची भाषा मात्र सौम्य नव्हती. भाषासमितीच्या कसोटीवर त्यांचे अनेक लेख उतरणार नाहीत. मालकांवर, धर्मगुरूंवर आणि मवाळ सहकाऱ्यांवर त्यांचे शब्द आसुडासारखे पडत. स्त्रियांना समान स्थान देण्याच्या प्रश्नावर १८४० मध्ये त्यांची संस्था दुभंगली. त्याच वर्षी लंडनच्या जागतिक परिषदेत स्त्री प्रतिनिधींना प्रवेश नाकारला गेला, तेव्हा तेही सभागृहात न बसता सज्जात त्यांच्यासमवेत बसले.

गुलामीतून निसटून आलेले तेजस्वी वक्ते फ्रेडरिक डग्लस हे १८४१ पासून त्यांचे सहकारी होते. गॅरिसन यांच्या मते देशाचे संविधानच गुलामीशी झालेला पापाचा करार होता, म्हणून मतदान आणि राजकारण दोन्ही त्याज्य होती. त्याच संविधानाच्या आधारे मुक्ती मिळवता येईल, असे डग्लस यांचे मत झाले. १८५१ मध्ये दोघे दुरावले. दोन्ही दृष्टींत सत्याचा अंश होता. अनेकान्ताचा संस्कार असता तर हा दुरावा कदाचित टळला असता.

युद्धाच्या उंबरठ्यावर

अमेरिकेच्या वरिष्ठ सभागृहात प्रत्येक राज्याला दोन जागा असतात. त्यामुळे पश्चिमेकडे नवे राज्य निर्माण झाले की ते गुलामीचे की मुक्त, हा वाद पेटे. १८२० मध्ये मिझुरी गुलामीचे व मेन मुक्त, अशी तडजोड करून नकाशावर एक रेषा आखली गेली. १८५० च्या तडजोडीत पळालेल्या गुलामाला पकडून परत पाठवण्याचा कठोर कायदा आला. उत्तरेतील शांत नागरिकाच्या दारात गुलामी येऊन उभी राहिली. १८५४ च्या कायद्याने जुनी रेषा पुसली आणि हा निर्णय तेथील रहिवाशांवर सोडला. परिणामी कॅन्सस प्रदेशात दोन्ही पक्षांचे सशस्त्र लोक एकमेकांवर तुटून पडले. त्याच वर्षी बॉस्टनमधून अँथनी बर्न्स या पळालेल्या गुलामाला सैन्याच्या पहाऱ्यात परत पाठवले गेले. ४ जुलै रोजी, राष्ट्राच्या स्वातंत्र्यदिनी, गॅरिसन यांनी फ्रेमिंगहॅमच्या सभेत संविधानाची प्रत जाळली.

मे १८५६ मध्ये वरिष्ठ सभागृहातच दक्षिणेच्या एका प्रतिनिधीने चार्ल्स सम्नर यांना काठीने बेशुद्ध होईपर्यंत मारले. जेथे शब्दांनी निर्णय व्हायचा, तेथेच शब्द हरला. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीयांना नागरिकत्वच नाकारले आणि नव्या प्रदेशांत गुलामी रोखण्याचा संसदेचा अधिकारही अमान्य केला. तडजोडीची, कायद्याची आणि न्यायाची दारे अशी एकामागून एक बंद झाली. १८५९ मध्ये जॉन ब्राऊन यांनी हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारावर हल्ला केला आणि ते फासावर गेले. १८६० मध्ये गुलामीचा विस्तार रोखू इच्छिणारे अब्राहम लिंकन निवडून आले. असलेल्या गुलामीला हात लावण्याचा त्यांचा मानस नव्हता. तरीही डिसेंबरमध्ये दक्षिण कॅरोलायना संघराज्यातून फुटले, मागोमाग इतर राज्ये निघाली आणि १२ एप्रिल १८६१ रोजी चार्ल्स्टनच्या बंदरातील सम्टर किल्ल्यावर तोफा सुटल्या.

व्रताची कसोटी

आता गॅरिसन यांच्यासमोर धर्मसंकट उभे राहिले. ज्या मुक्तीसाठी तीस वर्षे तप केले ती हिंसेच्या वाटेने येत होती. त्यांनी शस्त्र धरले नाही, परंतु सरकारच्या बाजूने लेखणी चालवली. देशाने हे व्रत कधी घेतलेलेच नाही, तेव्हा लढायचेच असेल तर मुक्तीसाठी लढावे, अशी त्यांची भूमिका झाली. कित्येक शांततावादी मित्रांना हे व्रतभंगासारखे वाटले.

खरी कसोटी घरातच झाली. १८६३ मध्ये थोरले चिरंजीव जॉर्ज यांनी कृष्णवर्णीय सैनिकांच्या ५५ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत अधिकारी म्हणून जाण्याचे ठरवले. आपला मार्ग मुलाने स्वीकारला नाही याचे पित्याला दुःख झाले. तरी त्याच्या विवेकावर आपले व्रत लादणे हीसुद्धा एक प्रकारची सक्तीच, हे ओळखून त्यांनी त्याला अडवले नाही. आयुष्यभर एकांतिक आग्रह धरलेल्या या पुरुषाने दुसऱ्याच्या दृष्टीला दिलेला हा मान त्यांच्या चरित्रातील फार मोलाचा प्रसंग आहे.

चार वर्षांच्या युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक प्राणास मुकले. त्याची झळ आणि त्याचा लाभ मुंबईपर्यंत पोहोचला. अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाल्याने येथील कापसाचे भाव गगनाला भिडले आणि शेअरबाजारात सट्ट्याचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. जैन समाजातील विख्यात व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्यासह अनेकांची प्रचंड हानी झाली. दूरदेशीच्या हिंसेतून आलेली संपत्ती टिकली नाही.

१ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी मुक्तीची घोषणा केली. १४ एप्रिल १८६५ रोजी सम्टर किल्ल्यावर पुन्हा राष्ट्रध्वज उभारला गेला, तेव्हा गॅरिसन सरकारचे सन्माननीय पाहुणे होते. ज्या शहरात एकेकाळी त्यांच्या पक्षाची पत्रके जाळली गेली, तेथेच मुक्त झालेल्या हजारो स्त्रीपुरुषांनी त्यांचे स्वागत केले. त्याच रात्री लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली. डिसेंबरमध्ये संविधानाच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामी नष्ट केली. २९ डिसेंबर १८६५ रोजी, पस्तीस वर्षांत एकही आठवडा न चुकवता, १,८२० वा अंक काढून गॅरिसन यांनी ‘लिबरेटर’ स्वेच्छेने बंद केले. कार्य पूर्ण झाले असे त्यांना वाटले. तो निष्कर्ष घाईचा होता. मुक्त बांधवांचे हक्क पुढे पुन्हा हिरावले गेले आणि वृद्ध गॅरिसन यांना त्यासाठी लेखणी पुन्हा हाती घ्यावी लागली. २४ मे १८७९ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे देहावसान झाले.

वारसा

अमेरिकेतील मुक्तिसंग्रामाचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मधील आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी जनांना अर्पण केला. गॅरिसन यांच्या अप्रतिकाराच्या जाहीरनाम्याचा टॉलस्टॉय यांनी आपल्या ग्रंथात आदराने परामर्श घेतला. तो ग्रंथ दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या हाती पडला. आपल्या जीवनावर विशेष प्रभाव टाकणाऱ्यांत गांधीजी श्रीमद् राजचंद्र आणि टॉलस्टॉय या दोघांचाही उल्लेख करीत. बॉस्टनच्या छापखान्यातून निघालेला एक प्रवाह आणि जैन तत्त्वज्ञानाचा प्राचीन प्रवाह असे एकाच हृदयात येऊन मिळाले.

गॅरिसन यांच्या चरित्राचा बोध सोपा नाही. अमेरिकेतील हिंसा सम्टरच्या तोफांनी सुरू झाली नव्हती. ती त्याआधी अडीचशे वर्षे बाजारात, मळ्यात आणि बेडीत रोज चालू होती, आणि तिच्याविषयी बाळगलेल्या मौनाला लोक शांतता म्हणत होते. संपादकाचे शब्द ऐकून पापाचा त्याग झाला असता तर रक्तपात टळण्याचा मार्ग मोकळा राहिला असता. टपाल जाळले गेले, अर्ज दडपले गेले, सभा उधळल्या गेल्या आणि साचलेले कर्म एका पिढीच्या उदयाला आले. कटू सत्य सांगणाऱ्याचे वेळीच ऐकणे हाही अहिंसेच्या आचरणाचाच भाग आहे.