साध्वी मोनिकाबाई व त्यांची स्वर्गाची आशा

मंडळीतील कोणी दूर शहरी मरण पावले व तेथेच त्यास मूठमाती द्यावी लागली, म्हणजे घरची माणसे आम्हांस दोन गोष्टी विचारतात. आईबापांच्या कबरीशेजारी त्यास जागा मिळाली नाही, ह्याने त्याचे काही अडेल काय? आणि रोमन कॅथलिक शेजारी आपल्या मृतांसाठी मिस्सा करवितात, तर आपण आपल्या माणसांसाठी काहीच का करू नये? ह्या दोन्ही प्रश्नांशी ज्यांच्या मरणाचा निकट संबंध आहे, त्या मोनिकाबाईंचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

मोनिकाबाईंचा जन्म सन ३३१ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील थागास्ते गावी ख्रिस्ती कुटुंबात झाला. हे गाव हल्ली अल्जीरिया देशात सूक अहरास ह्या नावाने ओळखले जाते. लहानपणी घरातील पिंपातून द्राक्षारस काढून आणण्याचे काम त्यांच्याकडे असे. थेंब थेंब चाखता चाखता त्यांना पेलाभर पिण्याची खोड लागली. एके दिवशी भांडणाच्या भरात एका दासीने त्यांस दारुडी म्हणून हिणविले. तो शब्द असा झोंबला की त्या क्षणापासून खोड सुटली. पुढे पात्रिकियुस नामक गृहस्थाशी त्यांचा विवाह झाला. हा मनुष्य मूर्तिपूजक, शीघ्रकोपी व परस्त्रीच्या नादी लागणारा होता. सासूही नोकरांच्या चहाड्या ऐकून सुनेवर रुष्ट असे. बाईंनी उलट उत्तर न देता सोशिकपणाने दोघांचीही मने जिंकली. पात्रिकियुसाने मरणापूर्वी बाप्तिस्मा घेतला.

परंतु त्यांच्या डोळ्यांचे पाणी आटले नाही, कारण पुत्र ऑगस्टीन. हा ता. १३ नोव्हेंबर ३५४ रोजी जन्मला. बुद्धीने तीक्ष्ण, पण कार्थेज शहरी विद्येस गेला तो मानी नामक इराणी उपदेशकाच्या पंथात शिरला, व एका स्त्रीशी विवाहावाचून संसार करू लागला. सन ३८३ त त्याने रोमला जाण्याचे ठरविले. आई बंदरापर्यंत मागे आली व सोडीना. तेव्हा, मित्रास निरोप देण्यापुरता जातो, अशी थाप मारून त्याने तिला जवळच्या एका प्रार्थनास्थानी रात्र काढावयास लावले. आई रात्रभर प्रार्थना करीत राहिली. सकाळी पाहते तो गलबत निघून गेलेले. तरी दोन वर्षांनी ही विधवा समुद्र ओलांडून मिलान शहरी त्याच्यापाशी जाऊन पोहोचली. वाटेत वादळ झाले तेव्हा खलाशांनाच तिने धीर दिला.

मिलान येथील एक गोष्ट आमच्या वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. आफ्रिकेतील ख्रिस्ती लोकांची चाल अशी होती की रक्तसाक्ष्यांच्या कबरींवर लापशी, भाकर व द्राक्षारस घेऊन जावे. मोनिकाबाईही टोपली घेऊन गेल्या, तो द्वारपालाने अडविले. बिशप अँब्रोज ह्यांनी ही चाल बंद केली होती. एक तर तिच्या आडून पिणारांचे फावे. दुसरे, रोमी लोक दर फेब्रुवारीत पारेंतालिया नामक दिवस पाळून पितरांच्या कबरींवर अन्न ठेवीत, त्याच्याशी तिचे फार साम्य होते. पितृपंधरवडा पाहिलेल्या वाचकांस अधिक सांगणे नलगे. जन्माची चाल मोडणे किती कठीण हे गावातले लोक जाणतात. पण बाईंनी कुरकुर न करता टोपली माघारी नेली, आणि तेव्हापासून मृतांच्या आठवणीच्या ठिकाणी जाताना त्या अन्नाऐवजी प्रार्थना नेऊ लागल्या, व जवळ असेल ते गरिबांस देऊ लागल्या.

सन ३८७ च्या ईस्टरला अँब्रोजांच्या हातून ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला. मायलेकरे आफ्रिकेस परतावयास निघाली व रोमजवळच्या ऑस्तिया बंदरी गलबताची वाट पाहत थांबली. तेथे एके दिवशी दोघे खिडकीशी उभी राहून अंगणातील बागेकडे पाहत होती. बोलणे निघाले ते पवित्र जनांच्या सार्वकालिक जीवनाविषयी. पृथ्वी, आकाश, सूर्य, चंद्र, मग मनुष्याचा आत्मा, असे एकेक मागे टाकीत त्यांची मने वर चढली, आणि क्षणभर जणू त्या जीवनास त्यांचा स्पर्श झाला. मग उसासा टाकून दोघे ह्या जगाच्या बोलण्यावर परत आली. आपले इहलोकीचे काम संपले, असे बाईंनी त्या वेळी मुलास सांगितले.

पाचसहा दिवसांत ताप आला. बाईंनी पतीच्या शेजारी स्वतःसाठी जागा पूर्वीच राखून ठेविली होती व त्याविषयी त्यांना मोठी हौस असे. आता मात्र, देह कोठेही पुरा, त्याची काळजी करू नका; केवळ प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण करा, असे त्यांनी मुलांस सांगितले. इतक्या दूर देह ठेवण्याचे भय वाटत नाही काय, असे मित्रांनी पूर्वी विचारले तेव्हाही, देवाला कोणतेच स्थळ दूर नाही असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता. नवव्या दिवशी, वयाच्या ५६ व्या वर्षी, त्यांनी प्रभूमध्ये निद्रा घेतली. नातू अदेओदातुस मोठ्याने रडू लागला. त्यास सर्वांनी गप्प केले व स्तोत्र गाण्यास आरंभ केला. ऑगस्टीनने दिवसभर अश्रू आवरले, स्नान केले, तरी दुःख हटेना. शेवटी झोपेतून जागा झाल्यावर एकांती देवापुढे तो मनमोकळा रडला. आम्हांस वाटते, त्या लहानग्यास गप्प करावयास नको होते.

ऑगस्टीनने आईच्या पापांच्या क्षमेसाठी प्रार्थना केली, व आपल्या ग्रंथाच्या वाचकांनीही वेदीजवळ तिचे व पित्याचे स्मरण करावे अशी विनंती लिहून ठेविली. ही गोष्ट आम्ही प्रॉटेस्टंटांनी झाकून ठेवू नये. रोमन कॅथलिक बंधू हिचा व मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा आधार घेतात. त्यांच्या मताविषयी आमच्या लोकांत गैरसमजही पुष्कळ आहेत. शुद्धिस्थान म्हणजे मरणानंतर पश्चात्तापाची दुसरी संधी, असे ते शिकवीत नाहीत. देवाच्या कृपेत मेलेला, पण पूर्ण शुद्ध न झालेला आत्मा तेथे शुद्ध होतो. त्याचा स्वर्ग निश्चित असतो. आणि जिवंतांच्या प्रार्थना व मिस्सा ह्यांनी त्यास साह्य होते, असे फ्लॉरेन्सच्या सभेने १४३९ त व ट्रेंटच्या सभेने १५६३ त ठरविले. आम्ही हे मानीत नाही, कारण प्रभूने वधस्तंभावर एकदाच केलेल्या अर्पणाने शुद्धीचे काम पूर्ण झाले. मक्काबींचे पुस्तक आमच्या शास्त्रात नाही. आणि पश्चात्तापी चोरास त्याच दिवशी सुखलोकाचे अभिवचन मिळाले. ह्या मताच्या आश्रयाने चाललेल्या क्षमापत्रांच्या व्यापाराविरुद्ध १५१७ त ज्याने आवाज उठविला, तो लूथर ऑगस्टीनच्याच नावाच्या संघातला साधू होता! शिवाय ऑगस्टीनने त्याच प्रार्थनेत, आपण मागतो ते देवाने आधीच केले आहे असा विश्वासही बोलून दाखविला आहे. मुलाचे प्रेम मागत होते व विश्वास आभार मानीत होता, असे आम्ही समजतो. प्रभुभोजनाच्या वेळी निजलेल्या भावाबहिणींची नावे घेऊन आभार मानण्यास आमच्या मंडळ्यांस कोणी मना केलेले नाही; पण वर्षभरात आम्ही ती नावे विसरतो, हे खरे.

पुढे बिशप झाल्यावर, सन ४२१ च्या सुमारास, ऑगस्टीननी मृतांच्या काळजीविषयी एक लहान ग्रंथ लिहिला. मेलेले स्वप्नात येतात, घरच्यांस सांगणे सांगतात, अशा गोष्टी तेव्हाही लोक बोलत. त्यावर त्यांनी स्वतःच्या आईचेच उदाहरण दिले: मेलेल्यांना येता आले असते, तर जी माउली भूमीवरून व समुद्रावरून आपल्या मागे आली, ती एकही रात्र आपल्यापाशी आल्यावाचून राहती ना. चौतीस वर्षांत ती आली नव्हती.

बाईंच्या अस्थी सन १४३० त ऑस्तियाहून रोमला नेल्या. तेथे ऑगस्टीनच्या नावाच्या देवळात त्या आहेत. सन १९४५ त ऑस्तिया येथे मुले खड्डा खणीत असता त्यांच्या कबरीवरील लेखाचा संगमरवरी तुकडा सापडला. थागास्ते येथे पतीशेजारी हौसेने राखलेली जागा मात्र त्यांच्या उपयोगी आली नाही.