विद्यापीठाच्या दारापर्यंतची वाट

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पदव्यांची मालिका आपल्या वसतिगृहातील लहानग्यांनाही मुखोद्गत असते. दरवर्षी जून महिन्यात मात्र आम्हांस त्या पदव्यांपेक्षा त्यांच्या आधीचे बाबासाहेब अधिक आठवतात. कार्यालयाबाहेरच्या बाकावर पालक दाखल्यांची पिशवी सांभाळत बसलेले असतात. बारावी झालेला विद्यार्थी पुस्तके कोठून आणावीत, शुल्क कसे भरावे, मुदतीत अर्ज पोहोचेल का, या विवंचनेत असतो. या विवंचना बाबासाहेबांच्याही वाट्यास आल्या होत्या. सर्वश्रुत चरित्रातील तेवढाच भाग आम्ही येथे सांगू इच्छितो.

आरंभ परळच्या चाळीतील एका खोलीपासून करावा लागतो. सुभेदार रामजींचे निवृत्तिवेतन तुटपुंजे होते आणि मुलाची पुस्तकांची भूक मोठी. भीमरावाने पुस्तक मागितले आणि हाती पैसा नसला, की सुभेदार आपल्या विवाहित कन्यांकडे उसने मागावयास जात. तेथेही पैसा नसेल तर लेकीचा एखादा दागिना गहाण पडे आणि निवृत्तिवेतन हाती आले की तो सोडविला जाई. बाबासाहेबांच्या ग्रंथप्रेमाविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्या दागिन्यांविषयी, मंजुळा आणि तुळसा या भगिनींविषयी, फार थोडे लिहिले गेले, असे आम्हांस वाटते. विषयाची निवडदेखील त्यांच्या हाती नव्हती. संस्कृत शिकण्यास मज्जाव झाल्यामुळे त्यांना पर्शियन घ्यावी लागली. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर सत्कारप्रसंगी कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे सयाजीराव गायकवाड महाराजांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रा. म्युलर यांनी आपली पुस्तके वाचावयास दिली.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदारांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी, ४ जून रोजी, बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाच्या करारावर स्वाक्षरी केली : तीन वर्षे परदेशी शिक्षण आणि त्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पदवीस लागतील तेवढेच विषय घेऊन ते थांबले नाहीत. अर्थशास्त्राचे एकोणतीस आणि इतिहासाचे अकरा अभ्यासक्रम, शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र, आणि फ्रेंच व जर्मन भाषांची प्राथमिक तोंडओळख, असा त्यांचा अभ्यास होता. शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवून जे उरे त्यात ते जुनी पुस्तके विकत घेत. त्यांची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. ती भारतात आणण्याचे काम एका परिचितावर सोपविले, पण त्यांतील काहीच पुस्तके त्यांच्या हाती आली. तेथील वसतिगृहात नवल भथेना हे पारशी गृहस्थ त्यांचे सोबती होते. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१९१६ साली प्रा. सेलिग्मन यांचे परिचयपत्र घेऊन ते लंडनला गेले. ऑक्टोबरमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन, अशा दोन्ही ठिकाणी प्रवेश मिळाला. परंतु वर्ष सरते न सरते तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याने परत बोलाविले. येथे अनेकांचे शिक्षण कायमचे थांबले असते. बाबासाहेबांनी निघण्यापूर्वी प्रा. कॅनन यांच्या शिफारशीने विद्यापीठाकडून एक परवानगी मिळविली : ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल. सामान आणि पुस्तके वेगळ्या जहाजाने पाठविली होती. महायुद्धाचे दिवस होते. पाणतीराच्या तडाख्याने ते जहाज बुडाले. पुस्तके समुद्रात गेली आणि परवानगी तेवढी राहिली.

बडोद्यात त्यांचा जो छळ झाला तो सर्वज्ञात आहे. नोव्हेंबर १९१८ पासून ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. चार वर्षांची मुदत त्यांच्या नजरेसमोर होती, म्हणून वेतन चांगले असूनही राहणी साधी ठेवून ते पैसे साठवीत राहिले. तुटपुंज्या पैशांत संसार चालविणाऱ्या माता रमाईंचा या बचतीतील वाटा कोणत्याही हिशेबात लिहिलेला नाही. १९२० च्या मार्चमध्ये त्यांनी नोकरी सोडली. बचत पुरेशी नव्हती. छत्रपती शाहू महाराजांनी साहाय्य केले, आणि पाच हजार रुपये कर्जाऊ दिले ते नवल भथेना यांनी, म्हणजे वसतिगृहातील त्याच सोबत्याने. ३० सप्टेंबर १९२० रोजी, मुदत संपण्यास वर्ष उरले असताना, त्यांचे नाव पुन्हा पटावर आले. शुल्क वाढून अकरा गिनी झाले होते.

त्यानंतरचे दिवस ब्रिटिश म्युझियम आणि इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयांत गेले. बसभाडे वाचविण्यासाठी पायी चालणे, दुपारचे जेवण टाळणे, रात्री मुंबईहून आलेले पापड, असा तो काळ होता. १९२१ साली जर्मनीतील बॉन विद्यापीठातही प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी स्वहस्ते जर्मन भाषेत अर्ज लिहिला. कोलंबियात शिकलेले प्राथमिक जर्मन येथे उपयोगी पडले. तेथील शिक्षण मात्र पूर्ण झाले नाही. लंडनचा डी.एस्सी.चा प्रबंधही प्रथम जसाच्या तसा स्वीकारला गेला नाही. मुंबईस परतून त्यांनी तो सुधारून पाठविला आणि १९२३ च्या अखेरीस पदवी मिळाली. कोलंबियाच्या पीएच.डी.साठी प्रबंधाच्या छापील प्रती सादर कराव्या लागत. तो ग्रंथ १९२५ मध्ये छापून झाला आणि पदवी १९२७ साली हाती आली. न्यूयॉर्कला प्रथम पाऊल ठेवल्यास तोवर चौदा वर्षे होत आली होती.

या धडपडीच्या मध्येच, ४ जानेवारी १९२५ रोजी, त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. तेथील मुलांच्या भोजनाचा आणि कपड्यांचा खर्च सभेने उचलला, आणि वह्या-लेखनसाहित्याचाही.