वाळूला प्रश्न विचारणारा इंजिनिअर

वर्कशॉपच्या मागे बाहाची गाडी आकाराला यायला लागली की एक वाद हमखास रंगतो. टायर केवढा घ्यायचा? एक गट म्हणतो, सरळ मोठ्यात मोठा घ्या, गाडी रुबाबदार दिसते. दुसरा म्हणतो, उंची राहू दे, रुंदी वाढवा. तिसऱ्याच्या हातात बजेटचा कागद असतो, त्यामुळे त्याचं कोणी ऐकत नाही. मेसमधल्या पोळ्या थंड होतात, पण निकाल काही लागत नाही. हा प्रश्न ज्या माणसापुढे जीवनमरणाचा म्हणून उभा राहिला होता, त्याची ही गोष्ट आहे. त्याचं नाव राल्फ अल्जर बॅगनॉल्ड.

बॅगनॉल्ड यांचा जन्म 3 एप्रिल 1896 रोजी इंग्लंडमध्ये डेव्हनपोर्ट इथे झाला. वडील रॉयल इंजिनिअर्समध्ये कर्नल होते. खार्टूममध्ये अडकलेल्या जनरल गॉर्डनच्या सुटकेसाठी 1884-85 साली जी मोहीम निघाली, तिच्यात ते होते. म्हणजे वाळवंटाच्या गोष्टी घरातच होत्या. थोरली बहीण एनिड पुढे प्रसिद्ध लेखिका झाली. राल्फ यांचा ओढा मात्र हत्यारांकडे आणि यंत्रांकडे. वूलिचच्या लष्करी अकादमीतून ते 1915 मध्ये रॉयल इंजिनिअर्सचे अधिकारी झाले आणि पहिल्या महायुद्धाची तीन वर्षं त्यांनी फ्रान्सच्या आघाडीवर, खंदकांच्या चिखलात काढली. युद्ध संपल्यावर सैन्यानेच त्यांना केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकायला पाठवलं. युद्ध बघून आलेला माणूस वर्गात बसून थिअरी शिकतोय, हे चित्र डोळ्यासमोर आणा. तिथून ते परत फौजेत गेले, ते सिग्नल्स शाखेत.

1920 च्या दशकाच्या मध्यात त्यांची नेमणूक इजिप्तमध्ये झाली. कैरोतले इतर अधिकारी सुट्टीत पोलो खेळत. बॅगनॉल्ड आणि त्यांचे काही मित्र स्वतःच्या पगारातून जुन्या फोर्ड मॉडेल टी गाड्या घेत आणि वाळवंटात शिरत. आधी सिनाई, मग पश्चिमेकडचं लिबियाचं वाळवंट. पुढे हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर बदली झाली, तरी हे वेड सुटलं नाही. सुट्टी काढून ते इजिप्तला जात आणि मोहीम काढत.

आता इंजिनिअर म्हणून विचार करा. इजिप्तच्या पश्चिमेला 'ग्रेट सँड सी' आहे, म्हणजे अक्षरशः वाळूचा समुद्र. टेकड्यांच्या रांगा शेकडो किलोमीटर लांब, काही ठिकाणी शंभर मीटरपर्यंत उंच. रस्ता नाही, विहीर नाही, माणूस नाही. गाडी रुतली आणि निघाली नाही, तर पाणी संपेपर्यंतच आयुष्य. असल्या जागी चाक हा गाडीचा एक भाग राहत नाही, तोच तुमचा विमा असतो.

मॉडेल टीचे जुने टायर 30 गुणिले साडेतीन इंचांचे असत. बाहेरचा व्यास 30 इंच आणि रुंदी फक्त साडेतीन. त्यात हवा भरायची ती 55 ते 60 पीएसआय. कठीण जमिनीवर ठीक, पण मऊ वाळूत हे चाक सुरीसारखं आत जायचं. मग 'बलून' टायर आले. 1928 ची फोर्ड मॉडेल ए आली ती 4.50-21 मापाचे टायर घेऊन. इथे जरा आकडेमोड करू. रिम 21 इंच, वर-खाली साडेचार-साडेचार इंच, म्हणजे बाहेरचा व्यास पुन्हा 30 इंचच! उंची तेवढीच राहिली. वाढली ती टायरची जाडी, म्हणजे आतल्या हवेची जागा, आणि त्यामुळे दाब 35 पीएसआयच्या आसपास उतरला. 1930 च्या मोहिमेत बॅगनॉल्ड यांच्याकडे मॉडेल ए गाड्या होत्या.

या ठिकाणी आपल्या वादातली मुख्य गोम आहे. जमिनीला टेकलेलं टायरचं क्षेत्रफळ ढोबळमानाने चाकावरचा भार भागिले हवेचा दाब एवढं असतं. समजा एका चाकावर 500 किलो भार आहे. हवा 2 किलो प्रति चौरस सेंमी (साधारण 28 पीएसआय) असेल, तर सुमारे 250 चौरस सेंमी जागा टेकेल. हवा निम्मी केली की 500. आता बघा, या हिशेबात टायरचं माप कुठे आलंच नाही! म्हणजे नुसता मोठा टायर लावून आणि हवा तेवढीच ठेवून वाळूवरचा दाब फारसा कमी होत नाही. मोठा टायर तुम्हाला फक्त परवानगी देतो, की तेवढाच भार कमी हवेवर, साइडवॉल न चेचता पेल. ही परवानगी वापरायची की नाही, हे ड्रायव्हरने ठरवायचं.

बॅगनॉल्ड आणि मंडळींनी ती पुरेपूर वापरली. वाळू आली की हवा सोडायची, खडक आले की पंपाने परत भरायची. हवा सोडल्यावर टायर आडवा कमी आणि लांबीला जास्त पसरतो. लांब ठसा वाळूवर रणगाड्याच्या पट्ट्यासारखा चालतो, तर नुसता रुंद टायर स्वतःपुढे वाळूचा ढीग ढकलत बसतो. पण याची किंमतही असते. कमी हवेवर वेगाने पळवलं तर टायर तापून फाटतो, आणि अचानक वळवलं तर रिमवरून निसटतो. फुकट काही मिळत नाही, हे आपल्याला थर्मोच्या सरांनी सांगितलंच आहे.

1930 मध्ये वाळूच्या समुद्रासमोर गाड्या उभ्या राहिल्या, तेव्हा समोरची टेकडी चढणं अशक्य दिसत होतं. बॅगनॉल्ड यांनी गाडी वेगात घेतली आणि सरळ चढावर घातली. सगळ्यांना वाटलं, आता रुतणार. पण गाडी अलगद माथ्यावर पोचली. वाळूने तिला उचलून धरलं होतं. दुसरीकडे, सपाट आणि निरुपद्रवी दिसणाऱ्या जागी मात्र चाकं अॅक्सलपर्यंत खाली जात. तीच वाळू, तोच टायर, तीच हवा, मग हा फरक का?

बाकीच्यांनी अनुभव म्हणून हे सोडून दिलं असतं. बॅगनॉल्ड यांच्या डोक्यात ते घट्ट बसलं.

दरम्यान त्यांच्या जुगाडांची यादी वाढत होती. रेडिएटरची वाफ वाया जाऊ नये म्हणून त्यांनी नळी काढून पाणी भरलेल्या डब्यात सोडली. वाफ तिथे थंड व्हायची आणि इंजिन गार झालं की तेच पाणी आत ओढलं जायचं. आजच्या गाड्यांतली कूलंटची बाटली याच तत्त्वावर चालते. गाडीच्या लोखंडामुळे चुंबकी होकायंत्र चुकायचं, म्हणून सुईच्या सावलीवर चालणारं सूर्य-होकायंत्र त्यांनी सुधारून घेतलं. कैरोच्या भंगारातून पहिल्या महायुद्धात खंदकांच्या छपरासाठी बनवलेल्या पोलादी पन्हाळी उचलल्या आणि रुतलेल्या चाकाखाली घालायला वापरल्या. आजही ऑफ-रोडवाले टपावर अशाच पट्ट्या बांधून फिरतात. यातलं सगळंच त्यांनी शून्यातून शोधलं असं नाही. पहिल्या महायुद्धातल्या मोटार-तुकड्यांनीही या वाळवंटात फोर्ड चालवल्या होत्या. बॅगनॉल्ड यांचं मोठेपण असं, की त्यांनी सुट्या युक्त्या जोडून एक पद्धत बसवली. 1932 ची मोहीम थेट सुदान आणि आजच्या चाडपर्यंत जाऊन आली. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं.

1935 मध्ये ते सैन्यातून निवृत्त झाले. वय 39. लोक अशा वेळी बागकाम करतात. यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये जागा मागितली आणि स्वतःच्या हातांनी वाळूसाठी विंड टनेल उभारली. टायर का रुततो, या प्रश्नामागे दुसरा प्रश्न होता: वाळू तिथे आली कशी? त्यांनी दाखवलं, की वाऱ्यात वाळू बहुतांशी धुळीसारखी तरंगत नाही, ती जमिनीलगत उड्या मारत जाते. एक कण आपटतो, दुसऱ्याला उडवतो. वाहून जाणारी वाळू वाऱ्याच्या जमिनीलगतच्या जोराच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे तो वेग दुप्पट तर वाळू आठपट. आणि जी वाळू अशी कणाकणाने आपटत बसते, ती घट्ट रचली जाते. टेकडीची वाऱ्याकडची बाजू म्हणूनच गाडी पेलते. वाऱ्याआडच्या बाजूला मात्र वाळू घसरून पडते, सैल राहते आणि चाक गिळते. गाडी अलगद का चढली याचं उत्तर मिळालं होतं. प्रयोगशाळेतले आकडे खरे आहेत का हे पाहायला ते 1938 मध्ये पुन्हा वाळवंटात गेले. यातून झालेलं 'द फिजिक्स ऑफ ब्लोन सँड अँड डेझर्ट ड्यून्स' हे पुस्तक 1941 साली निघालं. ते आजही वापरात आहे.

पण पुस्तक निघेपर्यंत लेखक परत गणवेशात गेला होता. 1939 मध्ये युद्ध सुरू झालं, बॅगनॉल्ड यांना परत बोलावलं. पूर्व आफ्रिकेकडे निघालेलं त्यांचं जहाज भूमध्य समुद्रात टक्कर होऊन नादुरुस्त झालं, म्हणून ते इजिप्तमध्ये उतरले. जनरल वेव्हेल यांनी त्यांना तिथेच ठेवून घेतलं. जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरलं आणि बॅगनॉल्ड यांनी वाळवंटातून शत्रूच्या पाठीमागे जाणाऱ्या तुकडीची योजना मांडली. वेव्हेल यांनी मुदत दिली सहा आठवडे. आपलं सबमिशनसुद्धा इतक्या वेळात होत नाही!

त्यांनी निवडल्या त्या साध्या, बाजारात मिळणाऱ्या, दोनच चाकांना ताकद असलेल्या शेव्हरले लॉऱ्या. दारं, टप, काच काढून वजन उतरवलं, स्प्रिंग मजबूत केल्या आणि वाळूवर चालतील असे जाड टायर लावले. माणसं घेतली ती बरीचशी न्यूझीलंडची. यांनी वाळवंट पाहिलं नव्हतं, पण यंत्र सांभाळायची सवय होती. अशी 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' तयार झाली. पुढे 1941 मध्ये चारही चाकांना ताकद असलेल्या फोर्ड आल्या, पण त्या पेट्रोल जास्त पीत. जिथे पेट्रोल स्वतःच वाहून न्यायचं, तिथे जास्त पिणारी गाडी म्हणजे कमी पल्ला. 1942 मध्ये तुकडी परत दोन चाकांच्या शेव्हरलेकडे वळली. कागदावर जास्त दमदार असलेली गाडी त्या कामाला योग्य नव्हती.

आपल्या गाडीलाही हाच न्याय लावून बघा. 215/75 आर 15 टायरचा व्यास येतो सुमारे 703 मिमी, 235/75 आर 15 चा 733 मिमी. व्यास 30 मिमीने वाढला, पण जमिनीपासूनची उंची वाढली फक्त 15. बदल्यात चाकाची ओढ चार टक्क्यांहून थोडी जास्त घटली, स्पीडोमीटर तेवढाच कमी दाखवू लागला, ब्रेकला काम वाढलं आणि वळताना टायर मडगार्डला घासू लागला. 15 मिमीसाठी हा सौदा परवडतो का? परवडेलही. पण तो ट्रॅक बघून ठरवायचा, फोटो बघून नव्हे.

बॅगनॉल्ड यांनी 1941 मध्ये तुकडीची सूत्रं जुने सोबती गाय प्रेंडरगास्ट यांच्याकडे दिली. 1944 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पीएचडी नाही, विद्यापीठात खुर्ची नाही, फक्त काम होतं. 1946 मध्ये लग्न केलं, दोन मुलं झाली. उरलेली वर्षं नदीतला गाळ कसा वाहतो यावर घालवली. सिव्हिलच्या मित्रांना त्यांचं नाव तिथे भेटतं. 1977 मध्ये, वयाच्या 81 व्या वर्षी, पृथ्वी आणि मंगळावरच्या वाळवंटांची तुलना करणाऱ्या नासाच्या परिषदेत त्यांनी भाषण केलं. 28 मे 1990 रोजी ते वारले, तेव्हा 94 वर्षांचे होते.

2015 च्या अखेरीस नासाची क्युरिऑसिटी गाडी मंगळावरच्या वाळूच्या टेकड्यांजवळ पोचली. शास्त्रज्ञांनी त्या टेकड्यांना नाव दिलं आहे 'बॅगनॉल्ड ड्यून्स'. क्युरिऑसिटीची चाकं अॅल्युमिनियमची आहेत, त्यांत हवा सोडायची सोय नाही. रुतली तर ढकलायला माणूस नाही. म्हणून तिचे चालक चाक पुढे टाकण्याआधी समोरची वाळू नीट न्याहाळतात.