गंगामूळ ते केडगाव : पंडिता रमाबाईंची लेखणी

तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तीन नद्यांचे उगमस्थान मानले जाणारे गंगामूळ आज कर्नाटकाच्या चिक्कमगळूरु जिल्ह्यात, सह्याद्रीच्या दाट रानात आहे. बंगळुरूहून रात्री निघालेला प्रवासी सकाळी त्या परिसरात पोहोचतो. या रानात २३ एप्रिल १८५८ रोजी पंडिता रमाबाईंचा जन्म झाला. मराठी वाचकाच्या मनात त्यांचे नाव पुण्याशी, मुंबईशी आणि केडगावशी जोडलेले असते. त्यांचा पाळणा कन्नड मुलखात हलला, हे बंगळुरूतील मराठी घरांतही क्वचितच बोलले जाते. पाळणा हा शब्दही तसा शोभेचाच, कारण रमाबाई सहा महिन्यांच्या असताना डोंगरे कुटुंबाने ते रान सोडले आणि वेताच्या टोपलीत घालून त्यांना डोंगराखाली आणण्यात आले.

ही टोपली कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही. तिची हकीकत उरली, कारण रमाबाईंनी ती सांगितली आणि पुढे लिहून काढली.

वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडच्या एका चित्पावन घराण्यातले. तरुणपणी ते विद्येसाठी पुण्याला गेले. त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत असत. एक स्त्री संस्कृत श्लोक म्हणते, हे ऐकून या तरुणाच्या मनाने घेतले की आपल्या घरीही हे व्हावे. पहिल्या पत्नीने आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी ते होऊ दिले नाही. मधली काही वर्षे म्हैसूरच्या राजाश्रयात गेली. पत्नी निवर्तल्यावर तीर्थयात्रेत गोदावरीकाठी त्यांचा दुसरा विवाह झाला. नवरी लक्ष्मीबाई नऊ वर्षांची होती, नवरदेव चाळिशी ओलांडलेला. आजच्या वाचकाला हे वाचताना अवघडल्यासारखे होईल आणि ते योग्यच आहे. पण याच विवाहात अनंतशास्त्र्यांनी आपला हट्ट पुरा केला. लक्ष्मीबाई संस्कृत शिकल्या. गावातल्या ब्राह्मणांनी आक्षेप घेतला तेव्हा उडुपीच्या विद्वत्सभेपुढे शास्त्रीबुवांनी धर्मग्रंथांचे दाखले देऊन स्त्रीला संस्कृत शिकवणे निषिद्ध नाही, असे प्रतिपादन केले. वाद जिंकला तरी शेजारपाजार जिंकता येत नाही. शास्त्रीबुवा गंगामूळच्या रानात राहायला गेले, ते त्यानंतर.

रमाबाईंना शिकवले ते आईने. तोवर शास्त्रीबुवा थकले होते आणि कुटुंब कायमचे रस्त्यावर होते. देवळे, घाट, धर्मशाळा हेच घर आणि पुराणे सांगणे हीच उपजीविका. सूर्य उगवण्यापूर्वी आई मुलीला उठवी आणि मांडीवर घेऊन श्लोक पाठ करून घेई. बंगळुरूच्या मराठी पालकांना या कहाणीतला एक तपशील विशेष जवळचा वाटेल. हे कुटुंब कन्नड, तेलुगू, तमिळ मुलखांतून फिरत होते, तरी घरातली भाषा मराठीच राहिली. आईचे मराठी शुद्ध होते आणि हाती पडेल ते मराठी वर्तमानपत्र व पुस्तक मुलगी वाचीत असे. शाळेचे तोंड न पाहता तिला मराठी लिहिता-वाचता येऊ लागले ते असे. कन्नड, हिंदुस्थानी आणि पुढे बंगाली या भाषा तिने वाटेवर, ऐकता ऐकता उचलल्या. घरात एक भाषा आणि दाराबाहेर दुसरी, ही ओढाताण या शहरातल्या मराठी मुलांनी शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून अनुभवली असेल. रमाबाईंच्या बाबतीत तिचे ओझे झाले नाही.

ओझे होते ते भुकेचे. १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. भिक्षा मागायची नाही आणि अंगमेहनतीचे काम येत नाही, अशी या विद्वान कुटुंबाची कोंडी झाली. जवळचे दागदागिने, भांडी विकून झाली. झाडपाल्यावर दिवस काढावे लागले. १८७४ साली काही महिन्यांच्या अंतराने वडील गेले, आई गेली, मोठी बहीणही गेली. सोळा वर्षांच्या रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास हे दोघेच उरले. दोघांनी पायी भारत पालथा घातला आणि १८७८ मध्ये ते कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी या तरुणीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. त्यानंतरच्या चार वर्षांत भाऊ गेला, बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह झाला, मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीला पटकीने गाठले. चोविसाव्या वर्षाच्या आत एका माणसाच्या वाट्याला इतके आले होते.

इथून पुढे लेखणीचे प्रकरण सुरू होते.

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या वर्तुळातील सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची निकड मांडली. त्याच वर्षी त्यांचे ‘स्त्रीधर्मनीति’ हे पहिले मराठी पुस्तक निघाले. आज ते वाचताना बरेच जुनाट, उपदेशाच्या थाटाचे वाटते. पुढच्या रमाबाई त्यात अजून दिसत नाहीत. पण या पुस्तकाने एक व्यवहारी काम केले. त्याच्या विक्रीतून आलेल्या पैशांचा इंग्लंडच्या प्रवासखर्चाला आधार झाला. नातेवाईक नाहीत, सासर नाही, मिळकत नाही, कडेवर लहान मुलगी, अशा विधवेला कर्ज कोण देणार? पुस्तक हे तिचे भांडवल झाले. १८८३ च्या वसंतात त्या बोटीवर चढल्या आणि तिकडून लिहिलेले प्रवासाचे दीर्घ पत्र ‘इंग्लंडचा प्रवास’ या नावाने इथे छापले गेले.

इंग्लंडात वाँटेज येथील मठात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या निर्णयाची किंमत त्यांना जन्मभर मोजावी लागली. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकता-शिकवताना अमेरिकेहून निमंत्रण आले. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात वैद्यकीची पदवी घेणार होत्या. ११ मार्च १८८६ च्या त्या समारंभाला रमाबाई हजर राहिल्या. दोघी दूरच्या नात्यातल्या. एक डॉक्टर होऊन मायदेशी परतली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी क्षयाने गेली. आनंदीबाईंना आपले चरित्र लिहायला सवडच मिळाली नाही. ते आधी अमेरिकेत कॅरोलाइन डॉल यांनी लिहिले, नंतर मराठीत काशीबाई कानिटकरांनी. दोन्ही पुस्तके आस्थेची आहेत. तरी आनंदीबाईंना काय वाटले, हे आज आपल्याला त्यांच्या पत्रांतून आणि दुसऱ्यांच्या शब्दांतून चाचपडत शोधावे लागते.

रमाबाईंनी ती वेळ येऊ दिली नाही. १८८७ मध्ये फिलाडेल्फियात त्यांनी ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि तीत रमाबाईंच्या घराण्याची, रानातल्या घराची, भटकंतीची हकीकत दिली. अर्पणपत्रिका आईच्या, लक्ष्मीबाईंच्या नावाची होती. बालविवाह, सासुरवास, वैधव्य, केशवपन यांचे वर्णन अमेरिकन वाचकांनी वाचले ते एका विधवेने केलेले, आणि त्या विधवेचे आयुष्य त्याच पुस्तकाच्या आरंभी उभे होते. सुधारणेवरचा निबंध आणि स्वतःची कहाणी एकाच बांधणीत आली, याचा परिणाम मोठा झाला. प्रती हजारोंनी खपल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि विधवांच्या शाळेचा खर्च दहा वर्षे चालवण्याची हमी तिने घेतली.

या पुस्तकावर इथे रागही होता, आणि तो केवळ सनातन्यांचा नव्हता. घरातले दुःख परक्यांच्या अंगणात का मांडायचे, हा प्रश्न त्या काळी अनेक शहाण्या माणसांनाही पडला. परसत्तेखाली राहणाऱ्या समाजाला तो पडणे स्वाभाविक होते. त्या रागाला उत्तर म्हणून रमाबाईंनी वेगळे काही लिहिले नाही. मात्र अमेरिकेहून परतल्यावर १८८९ मध्ये त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक आले. त्यात आपल्या वाचकांसाठी त्यांनी अमेरिकेचीही तशीच झडती घेतली. तिथली राज्यपद्धती, शाळा, स्त्रियांच्या संस्था यांचे कौतुक केले आणि मूळ रहिवाशांवर व कृष्णवर्णीयांवर झालेल्या अन्यायाचीही नोंद केली. इकडचे तिकडे सांगणारी बाई तिकडचे इकडेही तितक्याच उघडपणे सांगत होती. मराठी प्रवासवर्णनांच्या इतिहासात या पुस्तकाला अजूनही त्याच्या तोलाची जागा मिळालेली नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नातू ही बालविधवा होती. सदन पुढच्याच वर्षी पुण्यास हलले. गोदूबाईंचे बंधू नरहरपंत जोशी हे धोंडो केशव कर्वे यांचे मित्र. ११ मार्च १८९३ रोजी, पुन्हा त्याच तारखेला, गोदूबाईंचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. हिंगण्याच्या आश्रमाला पै-पै गोळा करणाऱ्या बाया कर्वे त्या ह्याच.

त्याच १८९३ साली सदनावर वादळ आले. मुलींना ख्रिस्ती केले जाते असा आरोप झाला, केसरीने टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. धर्मांतराचा प्रश्न खराच होता. काही विद्यार्थिनी रमाबाईंच्या प्रार्थनेला बसत आणि रमाबाईंनी त्यांना मज्जाव केला नाही. या वादात दोन्ही बाजूंना काही ना काही सत्य होते, असे आज म्हणता येते. पण त्याची परिणती अशी झाली की महाराष्ट्राने आपल्या एका थोर लेखिकेकडे दीर्घकाळ पाठ फिरवली. स्त्री-सुधारणेच्या इतिहासात त्यांचे नाव येई, पण पुष्कळदा एका ओळीत, घाईघाईने.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर पडलेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन केडगावला आल्या. तिथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. सोळाव्या वर्षी जिने आईवडिलांना भुकेने मरताना पाहिले, तिला दुष्काळातल्या मुलींची अवस्था कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तिथे शेती होती, माग होते, अंध स्त्रियांसाठी शिक्षण होते आणि छापखानाही होता. खिळे जुळवणाऱ्या, छपाई करणाऱ्या, पाने दुमडणाऱ्या सगळ्या आश्रमातल्याच स्त्रिया होत्या. मनोरमाबाईंनी १९१२ च्या सुमारास निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला शाळा काढली, तेव्हा या कुटुंबाच्या कामाची एक फांदी पुन्हा आजच्या कर्नाटकात आली.

१९०७ साली, पन्नाशीला पोहोचताना, रमाबाईंनी आपली हकीकत एका छोट्या पुस्तकात स्वतःच्या हाताने लिहिली. बॉडलीबाईंच्या प्रस्तावनेला वीस वर्षे झाली होती. पहाटेचे श्लोक, आईचे मराठी, दुष्काळातली पायपीट हे सारे त्यात आहे. लिहिण्याचा हेतू धार्मिक साक्ष देण्याचा होता आणि श्रद्धेचा भाग प्रत्येक वाचकाला पटेलच असे नाही. परंतु एकोणिसाव्या शतकातल्या दक्षिणेत फिरस्त्या पुराणिकाच्या मुलीचे दिवस कसे जात, हे सांगणारे दुसरे पुस्तक शोधून काढणे कठीण आहे.

अखेरची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात गेली. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीचा आग्रह धरला. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी, भाषांतराचे काम हातावेगळे होत असतानाच, केडगावला रमाबाईंचे निधन झाले. ग्रंथ १९२४ मध्ये तिथल्याच छापखान्यातून बाहेर पडला.

आणखी वीस वर्षांनी, १९४४ मध्ये, आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ प्रसिद्ध झाले. शारदा सदनाच्या दारात उभी असलेली बालविधवा तोवर ऐंशीच्या घरात पोहोचली होती आणि आता आपली गोष्ट स्वतः सांगत होती.