'गोंडवनातील प्रियंवदा' लिहिणारे ज्ञानकोशकार

'गोंडवनातील प्रियंवदा' हे कादंबरीचे नाव मोहर्लीतील आपणा धर्मग्रामस्थांना जवळचे वाटावे. ती लिहिली डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी. १८८४ साली रायपूरला जन्मलेले केतकर अमेरिकेत डॉक्टर झाले. परतल्यावर महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढण्यात त्यांची उमेद खर्ची पडली. लेख तपासायचे, छापायचे, शिवाय वर्गणीदारांसाठी गावोगाव हिंडायचे! त्या धबडग्यातही त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. टीकाकारांना त्या ओबडधोबड वाटल्या. आम्हालाही त्यांत कथेपेक्षा चर्चाच जास्त वाटते. पण आईवडिलांच्या मिश्रविवाहामुळे मुलीला समाजात जागा कोणती उरते, हे 'ब्राह्मणकन्या'त त्यांनी धीटपणे विचारले. त्यांनी स्वतः १९२० साली जर्मन यहुदी एडिथ कोहन यांच्याशी लग्न केले होते. पुढची वर्षे पैशाच्या ओढाताणीत गेली. १० एप्रिल १९३७ रोजी ते पुण्यात वारले.