मिरजेचे डॉक्टर वानलेस

विल्यम वानलेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडात झाला. न्यूयॉर्कमध्ये शिकून ते डॉक्टर झाले. १८८९ साली ते अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे पत्नी मेरी यांच्यासोबत भारतात आले. आधी सांगलीत छोटा दवाखाना काढला, मग १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं.

तेव्हा लोक हॉस्पिटलला घाबरायचे. त्यातून परका साहेब, परका धर्म! मग लोक आले कसे? डोळ्यांमुळे. मोतीबिंदू झाला की डोळ्यातलं भिंग पांढुरकं होतं आणि दिसेनासं होतं. वानलेस ते भिंग काढून टाकायचे. हात धरून आणलेली आजी स्वतः वाट बघत घरी जायची. अशी बातमी गावोगाव पोहोचायला जाहिरात कशाला हवी?

ऑपरेशनच्या आधी ते प्रार्थना करायचे. मिशनची माणसं रोग्यांजवळ बसायची, विचारपूस करायची, धीर द्यायची, येशूच्या गोष्टीही सांगायची. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होताच. तो त्यांनी लपवला नाही. पण बहुतेक रोगी बरे होऊन आपापल्या देवाकडेच परत गेले. तरी पुढच्या रोग्यासाठी दार उघडंच राहिलं. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

१८९७ साली त्यांनी मिरजेत वैद्यकीय शाळा काढली. ज्यांना घरचेही दूर ठेवायचे, त्या कुष्ठरोग्यांचीही सोय केली. १९२८ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १९३३ साली ते कॅलिफोर्नियात वारले.

मिरज आणि सांगलीच्या मध्ये आजही वानलेसवाडी आहे. तुमचे आजी-आजोबा तिकडचे असतील, तर त्यांना विचारा.