बाख आणि शिकारी ओबो

योहान सेबास्टियन बाख यांचा जन्म १६८५ सालीं जर्मनींतील आयझेनाख येथें झाला. दहाव्या वर्षीं ते पोरके झाले. वडील बंधूंनीं त्यांस सांभाळिलें. १७२३ त ते लाइप्झिगच्या सेंट टॉमस शाळेचे गायनशिक्षक झाले. ओबो हें सनईच्या जातीचें वाद्य. त्याचीं खालच्या पट्टींतलीं भावंडें, ओबो दामोरे व वांकड्या नळीचा शिकारी ओबो, यांचा त्यांनीं पुष्कळ उपयोग केला. मत्तयाच्या शुभवर्तमानावरील त्यांच्या दुःखसहनगीतांत, निर्दोष ख्रिस्त प्रीतीस्तव मरतो या पदास, खर्जाचा नेहमींचा आधार वगळून, बांसरी व दोन शिकारी ओबो एवढीच साथ आहे. १७५० त बाख वारले. पुढें तें वाद्यही लोपलें आणि विसाव्या शतकांत जुन्या नमुन्यांवरून पुन्हां घडविलें गेलें. सर्वांत कठीण प्रसंग बाखनीं मंद स्वरांवर सोंपविला, हें आम्ही शिक्षकांनीं विसरूं नये.